नाथांचा विनोद कुणावर होता?



यंदाच्या सप्ताहातली एक गोष्ट सांगतो. गावाचे आणि महाराजांचे नाव विचारू नका. आमच्या शेवगाव तालुक्यातच हे घडले. कीर्तन ऐन रंगात आले होते. महाराजांनी सुनांवर एक विनोद केला, मग शिकलेल्या मुलींवर दुसरा, मग मोबाइलवर बोलत बसणाऱ्या बायकोवर तिसरा. मांडव हसत होता. मीही हसलो, खोटे कशाला बोलू? तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक ताई उठल्या आणि आपल्या दोन मुलींचे हात धरून बाहेर पडल्या. काल्याच्या पंगतीत त्या वाढायला होत्या. मी सहज विचारले, "परवा लवकर उठलात, ताई?" भाताचा घमेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "काका, पोरींना काहीतरी शिकायला मिळंल म्हणून आणलं होतं. त्यांच्यावरच हसायचं तर घरी माणसं काय कमी हायेत?"

त्या बोलण्याने मला झोप लागली नाही. आमच्यातली काही जुनी माणसे म्हणतात, कीर्तनात विनोदच नको, नुसता अभंग आणि निरूपण हवे. तरुण म्हणतात, विनोद नसला तर मांडवात बसणार कोण? दोघांचेही मला पटत नव्हते. म्हणून आपल्याच मातीत मागे जाऊन पाहिले. त्यात जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

शेवगाव कुठे वसले आहे ते पाहा. एका अंगाला नेवासे, दुसऱ्या अंगाला पैठण. दोन्हीकडे जायला तास-दीड तास पुरतो. नेवाशात शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० साली ज्ञानोबारायांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्या खांबाला टेकून माउली बसली तो पैस आजही आपण डोळ्यांनी पाहतो. आणि पैठण तर नाथांचे. आषाढीला नाथांची पालखी निघते तीसुद्धा आमच्या तालुक्यातल्या लाडजळगावावरून जाते. म्हणजे सामान्यांच्या भाषेत ज्ञान आणणारा ग्रंथ आणि ते ज्ञान हसतखेळत शिकवणारा महात्मा, दोन्ही आमच्या शेजारचे. शेजाऱ्याची किंमत माणसाला उशिरा कळते, तसे आमचे झाले आहे.

नाथांच्या काळी पैठण हे शास्त्री-पंडितांचे गाव होते. वेदान्त होता, पण संस्कृतात होता आणि ठरावीक वाड्यांत होता. मोट हाकणारा, लाकडे फोडणारा, दळण दळणारी, यांच्या कानावर तो जावा कसा? नुसते मराठीत सांगूनही भागत नव्हते. दिवसभर राबून आलेल्या माणसाला माया, अहंकार, सत्त्वगुण हे शब्द म्हणजे झोपेचे औषध. नाथांनी काय केले? रस्त्यावर जे दिसत होते तेच हाती घेतले. पहाटे येणारा वासुदेव, पंचांग सांगणारा जोशी, गोंधळी, भुत्या, कैकाडीण, आंधळा, बहिरा, मुका. वेशीवर जोहार घालणारा महारही घेतला. पैठणच्या ब्राह्मणाने त्या महाराच्या तोंडून वेदान्त सांगावा, याला त्या काळी काय छाती लागली असेल, याचा विचार करा. अशी शेकडो भारुडे नाथांनी रचली. भारूड हा शब्द कुणी 'बहुरूढ'वरून आला म्हणतात, कुणी भारुंड या पक्ष्यावरून. भारुंड म्हणजे एका धडाला दोन तोंडे असलेला गोष्टीतला पक्षी. मला ही दुसरी व्युत्पत्ती आवडते. एक तोंड हसवते, दुसरे अर्थ सांगते, आणि पोट एकच.

विंचवाचे भारूड आपण सगळ्यांनी ऐकले आहे. भारूडकार मांडवात येतो तोच लोळत, विव्हळत, पाय झटकत. मुले पोट धरून हसतात, कारण विंचू चावलेला माणूस आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलेला असतो. हसता हसता कळते की हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्यावर सत्त्वगुणाचाच उतारा चालतो. म्हाताऱ्या बाईला सत्त्वगुण समजला नसता, पण विंचवावरचा उतारा तिला पाठ होता. अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीला बांधून द्यायची, ही शिकवण्याची रीत नाथांना चांगली ठाऊक होती. आता मुख्य गोष्ट पाहा. विंचू चावला कुणाला? भारूड म्हणणाऱ्याला. शेजारणीला नाही. लोक हसतात ते गाणाऱ्यावर, आणि घरी जाताना प्रत्येकाला आपलाच पाय ठणकतो.

दुसरे भारूड भवानीला रोडग्याचा नवस बोलणाऱ्या बाईचे. सासुरवाशीण देवीला विनवते की सासऱ्याचे असे कर, सासूचे तसे कर, जाऊ, नणंद, नवरा, एकेकाला वाटेला लाव, मी तुला रोडगा वाहीन. बायका पदर तोंडाला लावून हसतात. शेवटी ती म्हणते, सगळेच जाऊ दे, मला एकटीला राहू दे. तिथे हसणे थांबते. ती नाती म्हणजे जिवाला चिकटलेले विकार, आणि एकटे राहणे म्हणजे जिवाचे मोकळे होणे, असे निरूपणकार उलगडतात. ते खरेच आहे. पण त्याआधी आणखी एक गोष्ट आहे, ती मला त्या ताईंमुळे दिसली. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या विनोदात सून ही हसण्याचा विषय नाही. बोलणारीच ती आहे. ज्या बाईला घरात तोंड उघडायची सोय नव्हती तिला नाथांनी भर मांडवात बोलायला लावले, आणि सासवांनाही तिच्याबरोबर हसायला लावले. आजच्या विनोदात तीच सून गप्प बसलेली असते आणि सगळे तिच्यावर हसतात. विनोद तोच वाटतो, पण तोंड फिरलेले आहे.

नाथ नुसते हसवून थांबले असते तर ते बहुरूपी ठरले असते. त्यांच्या दुसऱ्या हातात पोथी होती. भागवताच्या अकराव्या स्कंधावरचा त्यांचा मराठी ग्रंथ शके १४९५, म्हणजे १५७३ साली काशीत पुरा झाला. काशीच्या पंडितांनी आधी मराठी म्हणून नाके मुरडली आणि मग मान डोलावली, असे परंपरा सांगते. पुढे १५८४ साली त्यांनी आणखी मोठे काम केले. तीनशे वर्षे हातांनी नकला होता होता ज्ञानेश्वरीत चुका शिरल्या होत्या, पदरच्या ओव्या घुसल्या होत्या. नाथांनी ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घातली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, असा इशाराही दिला. पाहा, भारुडात मन मानेल तसे सोंग घेणारा माणूस ग्रंथाच्या बाबतीत एक अक्षर इकडचे तिकडे होऊ देत नाही! मांडवात मोकळीक आणि पोथीत काटेकोरपणा, असा हा माणूस.

ती पोथी छापून घरोघर जायला पुढे बराच काळ लागला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. विष्णुबुवा जोगांनी गाथा अर्थासह दिली आणि १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. मधुकरी मागून शेतकऱ्यांची पोरे तिथे शिकली आणि गावोगाव कीर्तने करू लागली.

आता नाथांचा हसवण्याचा वारसा पाहू. तो मला सर्वांत जास्त गाडगेबाबांच्या कीर्तनात दिसतो. १८७६ साली शेंडगावला जन्मलेले बाबा स्वतः शाळा शिकलेले नव्हते. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्न आणि उत्तरे. बाबा विचारत, लोक उत्तर देत, लगेच पुढचा प्रश्न. सावकाराने कागदावर काय लिहिले ते तुला वाचता येते का? नाही. मग अंगठा कुणाचा? माझा. मांडव हसे, आणि त्याच हसण्यात ज्याची जमीन गेली तो माणूस खाली मान घालून बसे. ताट मोडून हातावर भाकरी खा, पण पोरांना शाळेत घाला, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. त्यांच्या हयातीतच, १९५४ साली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडला त्यांच्या नावाचे कॉलेज काढले. अक्षर न शिकलेल्या माणसाचे नाव कॉलेजला! बाबांनी अडाण्याला अडाणी म्हटले, अगदी तोंडावर म्हटले, पण आधी स्वतःला त्यांच्यात मोजले. डोक्यावर खापर, अंगावर चिंध्या, हातात खराटा. अशा माणसाचा बोल लागला तरी राग येत नाही.

ओघात आमच्या शेवगावचे बाळासाहेब भारदे आठवतात. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे ते महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते, आणि संतवाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा. शेवगावचे हायस्कूल त्यांच्या नावाचे आहे. त्या ताईंच्या मुली त्याच रस्त्याने शाळेत जातात.

पुढच्या सप्ताहाची बैठक झाली तेव्हा मी दोन गोष्टी मागितल्या. एक रात्र फक्त भारुडाची ठेवावी, आणि मांडवाच्या तोंडाशी एक टेबल मांडून हरिपाठ, सार्थ ज्ञानेश्वरी आणि नाथांच्या भारुडांचे पुस्तक ठेवावे, ज्याला हवे त्याने बसून वाचावे. टेबलाला लगेच होकार मिळाला. भारुडाच्या रात्रीवर बरीच चर्चा झाली, शेवटी तीही मिळाली. मग रोडग्याचे भारूड तुम्ही म्हणाल का, असे विचारायला मी त्या ताईंच्या घरी गेलो. त्या चुलीपुढे होत्या. म्हणाल्या, "आजी म्हणायची. चाल येती मला, सगळं नाही येत."

धाकटी अभ्यास करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मग पुस्तकात बघून म्हण की, आई. मी धरते."