वरातीपासून रुखसतीपर्यंत

लग्नात बँड असावा की नसावा, यावरून आपल्याकडे दर मोसमात खटके उडतात. मौलवीसाहेब नाराज होतात, नवरदेवाचे मित्र हटून बसतात आणि अखेरीस दहा-पंधरा मिनिटांची सवलत मिळते. तेवढ्या वेळात एक धून हमखास वाजते, ती 'सूरज' चित्रपटातली. मग निकाह होतो, जेवणे उरकतात आणि मुलीच्या रुखसतीच्या वेळी मांडवातल्या स्पीकरवर कोणीतरी 'नील कमल'मधले बापाचे गाणे लावतो. आतापर्यंत हसतखेळत असलेल्या खाला आणि फुफी पदर डोळ्यांना लावतात. शेजारच्या हिंदू घरातल्या लग्नातही हीच दोन गाणी आणि हाच क्रम.

पहिले गाणे १९६६ चे, दुसरे १९६८ चे. दोन्ही महंमद रफींच्या आवाजातली. पहिले हसरत जयपुरींनी लिहिले, शंकर-जयकिशन यांनी शिवरंजनी रागात बांधले. दुसरे साहिर लुधियानवींचे, संगीत रवी यांचे. पहिल्याने रफी आणि हसरत या दोघांनाही फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले. २०१३ मध्ये हिंदी चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त बीबीसी एशियन नेटवर्कने श्रोत्यांचा कौल घेतला, तेव्हाही तेच अव्वल ठरले. 'सूरज' हा राजेरजवाड्यांचा पोशाखी चित्रपट आज कोणी मुद्दाम बघत नाही. गाणे मात्र चित्रपटातून बाहेर पडले आणि वरातीत सामील झाले.

हसरत म्हणजे जयपूरचे इक्बाल हुसेन. उर्दू-फारसीचे धडे आजोळी गिरवलेले. मुंबईत आले ते बस कंडक्टर झाले. एका मुशायऱ्यात पृथ्वीराज कपूर यांनी त्यांना ऐकले आणि १९४९ च्या 'बरसात'पासून त्यांची वाट बदलली. साहिर म्हणजे लुधियान्याचे अब्दुल हई. त्यांनी जन्मभर लग्न केले नाही. ज्याला लेक नव्हती त्याने लेकीला निरोप देणाऱ्या बापाचे गाणे लिहावे, आणि तमाम बापांनी ते आपले मानावे! अर्थात हा सूर साहिरच्या आधीपासूनचा. बाबुलला उद्देशून गायची गाणी उत्तर हिंदुस्थानात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहेत. १८५६ मध्ये अवधचे राज्य गेले, तेव्हा वाजिद अली शाह यांनी लखनौ सोडताना रचली असे मानली जाणारी ठुमरी याच जातीची. ती १९३८ च्या 'स्ट्रीट सिंगर'मध्ये सैगलनी घरोघर पोहोचवली. साहिरने हा वारसा उचलला आणि फारसी शब्दांचा डौल जवळजवळ पूर्ण उतरवून ठेवला. इतकी साधी भाषा लिहिणे किती अवघड, हे वर्गात मुलांना निबंध लिहायला लावणाऱ्याला विचारावे.

त्या तीन-चार वर्षांत गीतकारांची अख्खी पिढी कामाला लागलेली होती. 'पालकी'त शकील बदायुनी, 'बहू बेगम' आणि 'हमराज'मध्ये साहिर, 'मेरे हुजूर'मध्ये हसरत. नव्या दमाचे आनंद बक्षी रावळपिंडीकडचे. तेही आपली गाणी उर्दू लिपीतच लिहीत. मजरूह सुलतानपुरी तर शिकलेले युनानी हकीम आणि उर्दू गझलेतले मानाचे नाव. त्यांनी 'शागिर्द'साठी लताबाईंच्या आवाजातले एक खट्याळ गाणे लिहिले. त्यात शब्दांना निरर्थक शेपट्या जोडलेल्या आहेत, आपण मराठीत जेवणबिवण म्हणतो तशा. उर्दू व्याकरणात अशा शब्दाला मुहमल म्हणतात. आपल्याकडे शेपटी 'ब'ची, उर्दूत 'व'ची, एवढाच फरक. रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेत १९६८ साली हेच गाणे वर्षभरात पहिले आले. मी मुहमल शिकवतो तो याच गाण्याने. पुस्तकातली उदाहरणे मुले दुसऱ्या दिवशी विसरतात, हे विसरत नाहीत.

गीतमाला सादर करणाऱ्या अमीन सायानींचे २०२४ मध्ये निधन झाले. त्यांच्या आई कुलसुम सायानी 'रहबर' नावाचे नियतकालिक चालवत. गांधीजींच्या प्रेरणेने निघालेले हे पत्र एकाच हिंदुस्थानीत, पण नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापले जाई. अमीन सायानी लहानपणी त्या कामात हातभार लावत. त्यांच्या निवेदनातली कोणालाच परकी न वाटणारी बोली या घरातून आलेली होती.

आता आपले बघू. कोकणात घरी कोकणी, देशावर मराठी, मराठवाड्यात दखनी. उर्दू लिपी आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला आलीच नाही. मराठी शाळेत शिकलेल्या त्या काळच्या मुस्लिम मुलाला 'महबूब', 'बहार', 'तसव्वुर' हे शब्द कोणी शिकवले? मदरशात अरबी अक्षरे गिरवली, शाळेत बालभारती वाचली. उर्दू कविता कानावर पडली ती रेडिओवरून. १९६७ च्या नोव्हेंबरात विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूरच्याच केंद्रांवर. तेव्हापासून साबण-तेलाच्या जाहिरातींच्या अधूनमधून का होईना, शकील आणि साहिर आपल्या स्वयंपाकघरात येत राहिले. फी नसलेली ती उर्दू शाळाच होती.

पण या शाळेबद्दल खुद्द साहिरचे समाधान नव्हते. फेब्रुवारी १९६९ मध्ये गालिबच्या निधनाला शंभर वर्षे झाली. देशभर सरकारी थाटात शताब्दी साजरी झाली. साहिरने तेव्हा 'जश्ने गालिब' ही नज्म लिहिली आणि समारंभाचा रंगच उतरवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या शहरांत गालिबची भाषा बेघर केली, त्याच शहरांत आता त्याचा उदो उदो कशासाठी? हा राग मुख्यतः उत्तरेतल्या कारभारावर होता. उत्तर प्रदेशात १९५१ च्या कायद्याने हिंदी राजभाषा झाली आणि उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा मिळायला १९८९ उजाडले. ज्या वर्षी साहिरचे 'नील कमल'मधले गाणे गल्लीगल्लीत वाजत होते, त्याच्या दुसऱ्याच वर्षी तो हे लिहीत होता. गाण्यावर प्रेम करणारे लोक गाण्याच्या भाषेबद्दल गप्प आहेत, हे त्याला दिसत होते.

मला साहिरचा राग पटतो, पण पूर्ण नाही. महाराष्ट्रात उर्दू शाळा टिकल्या. माझी भाकरी त्यांच्यावरच आहे. आणि ज्यांना आलिफ-बे येत नाही त्यांची गाण्यातली उर्दू मी खोटी कशी म्हणू? माझ्या वर्गातल्या मुलांना लिपी येते, पण 'तसव्वुर'चा अर्थ विचारला तर गोंधळतात. अर्थ सांगतात त्यांच्या मराठी शाळेत शिकलेल्या आया. या दोन अर्ध्या ज्ञानांची बेरीज कशी करायची, हे मला बी.एड.ला कोणी शिकवले नाही.

रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले, साहिर त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला. दोघांचे दफन जुहूच्या कब्रस्तानात झाले. २०१० मध्ये नव्या मय्यतींना जागा हवी म्हणून तिथल्या जुन्या कबरींवरची बांधकामे काढण्यात आली, त्यात या दोघांचीही गेली. गेल्या मोसमातल्या एका लग्नात मी बँडच्या गायकाची वही पाहिली. गाणी देवनागरीत उतरवलेली, नुक्ते गायब, गीतकारांची नावे कुठेच नाहीत. 'नील कमल'च्या पानावर मात्र कडेला पेन्सिलीने लिहिले होते, "सावकाश."