बाटलीवरचे दोन आकडे

ज्या नागपुरात १९४२ साली स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेल-तंत्रज्ञान हा पदवीचा विषय आहे, तिथेही उन्हाळा लागला की मोटारसायकलवाल्याला सल्ला मिळतो, 'जाड तेल टाका.' सल्ला अगदीच चुकीचा नाही, अपुरा आहे.

तापलेले तेल पातळ होते, हे फोडणी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. इंजिनाची अडचण हीच. नागपुरात जानेवारीच्या पहाटे पारा कधी ८ अंशांखाली उतरतो, मे महिन्यात ४५ च्या वर चढतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनातले तेल तर १०० अंशांच्या आसपास जाते. थंडीत फार दाट तेल किक मारणाऱ्याला घाम फोडते, उष्णतेत फार पातळ झाले तर धातूवर धातू घासतो.

अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ मध्ये तेलांची प्रतवारी सुरू केली. पण तापल्यावर तेल किती ढासळेल, हे नुसत्या प्रतीवरून कळेना. १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी काढलेली तोड मोठी गमतीची आहे. तापल्यावर कमीत कमी पातळ होणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला त्यांनी १०० गुण दिले, मेक्सिकोच्या आखाताकाठच्या तेलाला शून्य! हाच श्यानता-निर्देशांक. आजची चांगली तेले शंभराच्या बरीच पुढे गेली, पट्टी मात्र तीच राहिली.

पुढे तेलात लांब साखळीचे बहुवारिक मिसळू लागले. थंडीत या साखळ्या गुंडाळून बसतात, उष्णतेत पसरून दाटपणा सावरतात. म्हणून '२०डब्ल्यू-४०' असे दोन आकडे: पहिला थंडीतल्या वागण्याचा, दुसरा १०० अंशांवरच्या दाटपणाचा.

मोटारसायकलमध्ये घोटाळा होतो तो इथे. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हा आपल्याकडे टू-स्ट्रोकची चलती होती. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल जळून जाई. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र इंजिन, क्लच आणि गिअर यांना बहुधा एकच तेल पुरवायचे असते. गिअरचे दाते त्या साखळ्या तोडतात. तुटलेली साखळी पुन्हा जुळत नाही, आणि ४० चे तेल हळूहळू ३० चे होते. शिवाय कारच्या काही तेलांतील घर्षण कमी करणारी द्रव्ये क्लच घसरवतात. म्हणून जपानने १९९० च्या दशकाच्या अखेरीस दुचाकींसाठी 'जासो एमए' हे वेगळे मानक आणले.

वर्गात एका उंच नळीत नवे तेल, दुसरीत गाडीतून काढलेले घ्यावे आणि सायकलच्या बेअरिंगची गोळी सोडून वेळ मोजावी. वापरलेल्या तेलातली गोळी एरवी लवकर तळ गाठेल. मात्र काजळी फार असेल, तर तेच तेल दाट निघून विद्यार्थी आपल्याला पेचात पकडतील.