हरमुखच्या सरोवरातला पाहुणा

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे येतात, लढाया येतात, तहनामे येतात. आज मी तुम्हांला एका माशाचा इतिहास सांगणार आहे. मासा म्हणजे काही मोठा मानकरी नव्हे, हे खरे. पण माणसाने हौसेने केलेल्या कामाचे परिणाम किती दूरवर जातात, हे या माशाइतके स्पष्ट मला दुसऱ्या कोणी शिकवले नाही.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात कॉलेजातल्या पाच-सहा मुलांना घेऊन मी काश्मीरला गेलो होतो. श्रीनगरच्या उत्तरेला हरमुख नावाचा पर्वत आहे. त्याच्या पायथ्याच्या बाजूला नारानाग हे लहानसे गाव. तिथे आठव्या शतकातली दगडी देवळे भग्नावस्थेत उभी आहेत. सम्राट ललितादित्याचे नाव त्यांच्याशी जोडले जाते. देवळांच्या मागूनच चढण सुरू होते. आधी देवदाराचे रान, मग गुज्जर-बकरवालांची कुरणे, आणि अखेरीस हरमुखच्या हिमनदीखाली पसरलेले गंगाबल सरोवर. उंची साडेअकरा हजार फुटांहून अधिक. आपल्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी तिथवर पोहोचणार नाही! याच हरमुखवरून १८५६ साली मॉन्टगोमेरी या मोजणी अधिकाऱ्याने दूरवरची दोन शिखरे हेरली आणि वहीत के-१, के-२ अशी टिपून ठेवली. त्यातले दुसरे म्हणजे जगातले दुसऱ्या क्रमांकाचे शिखर.

गंगाबल हे काश्मिरी पंडितांचे फार जुने तीर्थ. कल्हणाच्या १२व्या शतकातल्या ‘राजतरंगिणी’तही हरमुकुट पर्वताचे नाव येते. आपण अस्थी घेऊन नाशिकला किंवा प्रयागला जातो, तसे तिथले लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन या सरोवरावर येत. भाद्रपदात तिथे यात्राही भरते.

आम्ही काठापासून जरा दूर तंबू ठोकले. मुलांनी स्टोव्हवर डाळ चढवली. तास झाला, दीड तास झाला, डाळ काही शिजेना. शिक्षक बंधु-भगिनींनी हे वर्गात जरूर सांगावे: त्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० ऐवजी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. उकळी दिसते, पण तिच्यात पुरेशी धग नसते. शेवटी आमचा घोडेवाला हसत उठला. त्याच्याजवळ मत्स्य खात्याचा परवाना होता. गळ घेऊन तो काठावर गेला आणि अर्ध्या तासात दोन मासे घेऊन आला. तिसरा वीतभरही नव्हता. तो त्याने ओल्या हाताने अलगद सोडवून पाण्यात परत सोडला. अंगावर तांबडे-काळे ठिपके असलेला तो मासा म्हणजे ब्राउन ट्राउट.

एका मुलाने विचारले, “सर, इतक्या वर हा मासा आला कुठून?” घोडेवालाच म्हणाला, “साहेब, हा आमचा नाही. हा विलायतेचा. पण आता आमचाच झाला.”

खरोखर, हा मासा आला कुठून?

ट्राउट हा मूळचा युरोपातल्या थंड पाण्यांतला मासा. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांना आपल्या घरच्या सगळ्या गोष्टी इथे हव्या असत: गुलाब हवे, क्रिकेट हवे, तसा गळाला लागणारा ट्राउटही हवा. ‘हिंदुस्थानातील मासे’ या विषयावर मोठा ग्रंथ लिहिणारे फ्रान्सिस डे यांनी १८६३ साली नीलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला. तो फसला. अडचण अशी की, जिवंत मासा आणावा तर बोटीवर मरतो आणि अंडी आणावीत तर विषुववृत्ताच्या उष्णतेत नासतात.

या कोड्याचे उत्तर १८६४ साली सापडले. जेम्स यूल यांनी ‘नॉरफोक’ नावाच्या जहाजातून सामन आणि ट्राउट यांची अंडी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे पाठवली. लाकडी पेट्यांत ओले शेवाळ, शेवाळात अंडी, आणि पेट्यांच्या भोवती बर्फ. थंडीत अंड्यातल्या जिवाची वाढ अगदी मंद होते. म्हणून तीन महिन्यांच्या प्रवासानंतरही काही अंडी जिवंत राहिली आणि टास्मानियात त्यांतून पिले निघाली. आमच्या आज्या माठाला ओले फडके गुंडाळीत. तीच युक्ती, फक्त समुद्र ओलांडणारी!

काश्मीरचे महाराज तेव्हा प्रतापसिंह होते. एकोणिसावे शतक संपता संपता बेडफर्डच्या ड्यूकने अंड्यांची पहिली खेप काश्मीरला धाडली. ती वाटेतच नासली. १९०० साली स्कॉटलंडहून दुसरी खेप आली आणि ती मात्र जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे मिचेल नावाचे गृहस्थ या कामात पुढे होते. त्यांनी पिले वाढवली. श्रीनगरजवळ हारवन येथे पैदास केंद्र उभे राहिले आणि तिथली पिले नद्यांत, ओढ्यांत, उंचावरच्या सरोवरांत सोडली गेली. १९०९ साली काश्मीरची अंडी कुलूला गेली. नीलगिरीतही याच सुमारास एच. सी. विल्सन यांच्या खटपटीने अॅव्हलांच येथे केंद्र सुरू होऊन ट्राउट रुजला.

आता कोणी विचारील, हिवाळ्यात सरोवर गोठल्यावर मासे जगतात कसे? पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते. त्यामुळे ते तळाशी जाते आणि बर्फ वर तरंगतो. बर्फाच्या छपराखाली मासा हिवाळा काढतो. निसर्गाने केलेली ही केवढी सोय!

इथपर्यंतची गोष्ट यशाची झाली. साहेबांची करमणूक म्हणून आलेला मासा पुढे तिथल्या माणसाच्या पोटापाण्याचे साधन झाला. १९८४ साली युरोपच्या मदतीने कोकरनागला मोठे ट्राउट केंद्र सुरू झाले, आणि पुढे काश्मिरी शेतकरी आपल्या शेताकडेला, झऱ्याच्या पाण्यावर ट्राउटचे हौद चालवू लागले. ज्या माशावर साहेबाचा हक्क, तो आज गावकऱ्याच्या हौदात वाढतो. इतिहासाचा हा न्यायच म्हणायचा.

पण गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती लपवणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणार नाही. ट्राउट मांसाहारी आहे. नव्या पाण्यात तो तिथली पिले, किडे, बेडूक खातो. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या प्राणी-वनस्पतींच्या यादीत ब्राउन ट्राउटचे नाव आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात असेच घडले. उंचावरच्या ज्या सरोवरांत पूर्वी मासाच नव्हता, तिथे हौसेखातर ट्राउट सोडले, आणि पाहता पाहता तिथले बेडूक दिसेनासे झाले. संशोधकांनी काही सरोवरांतून जाळी लावून ट्राउट काढले, तेव्हा बेडूक परत आले. पण सोडायला एक दुपार पुरली होती, काढायला वर्षे लागली.

मंडळी, हे सगळे फार दूरचे वाटेल. तर मग आपल्याकडे पाहा. १९५२ साली परदेशी तिलापिया भारतात आणला गेला. गरिबाला स्वस्त मासा मिळावा, हा हेतू चांगलाच होता. आपण त्याला चिलापी म्हणतो. उजनीच्या काठी जाऊन विचारा, जाळ्यात काय येते? चिलापी! त्यावर कितीतरी कुटुंबे जगतात, हेही खरे. पण तिथल्या म्हाताऱ्या कोळ्याजवळ बसा, आणि भीमेत पूर्वी कोणकोणते मासे मिळत ते विचारा. तो बोटे मोजू लागेल, आणि त्यातली काही नावे त्याच्या नातवाला ठाऊकही नसतील.

त्या रात्री तंबूत त्या मुलाने पुन्हा विचारले, “सर, मग हा मासा आणला ते बरे झाले की वाईट?” मी त्याला उत्तर दिले नाही, कारण माझ्यापुढच्या ताटात तोच मासा होता, आणि तो मी मिटक्या मारीत खात होतो. आज इतक्या वर्षांनी एवढेच म्हणेन, की आणणाऱ्यांनी एक प्रश्न विचारायचा राहून गेला: इथे आधीपासून कोण राहते?

तो प्रश्न आपण तरी विचारावा. शिक्षकांना माझी एक विनंती आहे. येत्या सुटीत मुलांना गावच्या तळ्यावर, ओढ्यावर न्या. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, पूर्वी सापडत त्या माशांची नावे एका पानावर लिहून घ्या. शेजारच्या पानावर आज सापडतात ती लिहा. दोन्ही पाने शाळेत जपून ठेवा. तुमच्या गावचा तो इतिहास दुसरे कोणी लिहिणार नाही, आणि नावे सांगणारी माणसे काही कायमची बसून राहणार नाहीत.