मोहाची धार

कोरीटच्या शिवारातून सकाळी उत्तरेकडे पाहिलं की हवा स्वच्छ असेल तेव्हा सातपुड्याची निळसर रांग दिसते. मधे तापी, पलीकडे तळोदा-शहाद्याचं सपाट मैदान आणि मग एकदम उभा डोंगर. लहानपणी आम्हांला त्या डोंगराची ओळख दोन गोष्टींनी झाली होती. एक होळी. काठी संस्थानच्या होळीला जाऊन आलेली माणसं आठवडाभर तिच्याच गोष्टी सांगत. आणि दुसरी, मोठ्यांनी दबक्या आवाजात उच्चारायची, 'पहिल्या धारेची'.

ही धार निघते कशी, ते प्रत्यक्ष पाहायचा योग बऱ्याच उशिरा आला. शहाद्याहून घाट चढून धडगावच्या बाजूला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, घर कुणाचं तेही सांगत नाही. कारण जे पाहिलं तो कायद्यानं गुन्हा आहे. मात्र त्या घराला ती लपवाछपवी वाटत नव्हती. घरी लग्न होतं आणि लग्नाच्या आधी जशी डाळ निवडतात तशी ही तयारी चालली होती.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, तीही रात्री उशिरा आणि पहाटे. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा मोकळी करून ठेवलेली असते. उजाडायच्या आत बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली. फिकट पिवळी, मांसल, रसरशीत फुलं. अंगणात चार दिवस वाळवली की मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. ही फुलं भाजून, उकडून, भाकरीत मिसळून खाल्ली जातात. दुष्काळात कित्येक घरं त्यांवर तगलेली आहेत. बियांचं तेल निघतं. जंगलात असलं तरी कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावाला पक्कं ठाऊक असतं, आणि भावाभावांत वाटण्या होतात तेव्हा शेताबरोबर मोहाच्या झाडांच्याही होतात. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं आली, तेव्हा घरं आणि जमिनी मोजल्या गेल्या. बुडालेल्या मोहांचा हिशेब लोक अजून मनातल्या मनात करतात.

तर वाळलेली फुलं मातीच्या मडक्यात पाणी घालून भिजत ठेवायची. उन्हाळ्यात पाच-सहा दिवस, थंडीत त्याहून जास्त. फुलांतच भरपूर साखर असते, फुलांवर आणि मडक्याच्या अंगावर किण्व असतं, त्यामुळे वेगळं विरजण लागत नाही. मडकं फसफसून शांत झालं की सडवा तयार झाला. पोलिसांच्या छाप्याच्या बातम्यांत 'रसायन नष्ट केले' असं आपण वाचतो, ते हेच. मग मडकं चुलीवर. त्यावर दुसरं भांडं बसवून सांधा ओल्या मातीनं लिंपतात, बाजूनं बांबूची नळी काढतात आणि नळीचं तोंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात सोडतात. मद्यार्क पाण्याच्या आधी उकळतो, वाफ नळीतून जाते, थंड होते, ठिबकते. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांनी जे ऊर्ध्वपातन शिकवतात, तेच इथे माती आणि बांबूनं चाललेलं. सगळं कसब जाळ राखण्यात. जाळ वाढला की सडवा करपतो आणि वास लागतो. चुलीपुढे बसलेली म्हातारी लाकूड आत सारत होती, बाहेर ओढत होती आणि मधूनमधून नळीच्या तोंडाशी बोट धरून जिभेला लावत होती. तिचं मापन यंत्र तेवढंच.

पहिली वाटी कुणी प्यायलं नाही. घरच्या कर्त्यानं ती हातात घेतली, पूर्वजांची नावं घेतली आणि थेंब थेंब जमिनीवर सोडले. धार देणं ते हेच. जन्म, लग्न, मरण, पेरणी, इंदल, भांडणाची तडजोड, कशालाही धारेशिवाय पुरेपण नाही.

हे घरचं काम गुन्हा कधी झालं? त्याची तारीख काढता येते. इंग्रज अमलाच्या सुरुवातीला दारूवरचा कर मक्त्यानं वसूल होई. मक्तेदाराला ठराविक रक्कम दिली की गावोगावच्या लहान भट्ट्या चालत. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानं हे चित्र पालटलं. दारू गाळायची ती सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत, विकायची ती परवानाधारक दुकानांत, आणि प्रत्येक गॅलनवर कर. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांसाठीच वेगळा कायदा झाला. फूलच बाळगू दिलं नाही तर दारू येईल कुठून, असा साधा हिशेब. यामागे व्यसनमुक्तीची कळकळ फारशी नव्हती. आबकारी हे सरकारच्या उत्पन्नाचं मोठं खातं होतं. घरी विनापैशाची मिळणारी वस्तू आता दुकानातून उधारीवर येऊ लागली. उधारी फेडायला धान्य, मग बैल, मग जमीन. दुकानदार आणि सावकार अनेक ठिकाणी एकच असे. सातपुड्याच्या पायथ्याची जमीन आदिवासींच्या हातून कशी गेली, याच्या कहाणीत दारूच्या दुकानाचं पान वगळता येत नाही.

आता थोडं बाहेर पाहू. स्कॉटलंडच्या डोंगरातही घरोघर चोरून व्हिस्की गाळली जाई. तिथे १८२३ च्या कायद्यानं परवाना शुल्क माफक केलं आणि लहान भट्टीवाल्याला उजेडात यायची वाट दिली. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं परवाना घेतला. शेजारचे चोरटे गाळणारे त्याच्यावर इतके चिडले की तो पिस्तुलं बाळगून फिरे. त्या खोऱ्याचं नाव आज जगभरच्या बाटल्यांवर आहे. तेवढं लांब कशाला, आपला गोवाच घ्या. काजूची बोंडं तुडवून, रस आंबवून, डोंगरउतारावरच्या घरगुती भाट्यांत तिथे हुर्राक आणि फेणी निघते. तिथे पोर्तुगीज होते, आबकारीचा मुंबई कायदा नव्हता. मुक्तीनंतरही भाट्या परवान्यानं चालू राहिल्या. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांकन मिळालं आणि पर्यटक भाटी पाहायला जाऊ लागले. कृती तीच, चूलही तशीच. फरक पडला तो वर राज्य कुणाचं होतं यानं.

पण एवढंच सांगून थांबलो तर अर्धीच गोष्ट होईल. कारण दारूविरुद्धचा सर्वांत कडक आवाज या डोंगरातूनच उठलेला आहे. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत देवीची चळवळ पसरली. सलाबाई देवी अंगात येऊन सांगे: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. तिची लाट पश्चिम खानदेशातही आली. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी लोकांना एकमेकांना 'आप' म्हणून हाक मारायला शिकवलं. ज्यांना जन्मभर फक्त 'अरे-तुरे' ऐकायची सवय, त्यांना हे काय वाटलं असेल! आरतीला हजारोंनी माणसं जमत आणि दारू सोडून परत जात. १९३८ मध्ये महाराज गेले, पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराजांनी काम चालवलं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, १९५० मध्ये मोहाच्या फुलांचे नियम आले. १९७३ मध्ये राज्यानं देशी दारूची परवानाधारक दुकानं रीतसर सुरू केली, घरची चूल मात्र बेकायदाच राहिली. लपून गाळायचं म्हटलं की घाई आली, मोहाऐवजी काळा गूळ आणि नवसागर आला, शहरांत तर मिथेनॉलही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं विषारी दारूनं मेली. तिला आणि या मडक्याला आपण एकाच शब्दानं, 'हातभट्टी' म्हणतो, हे मला पटत नाही.

त्याच काळात, १९७२-७३ च्या सुमारास, शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेची चळवळ उभी होती. प्रश्न गेलेल्या जमिनींचा आणि मजुरीचा. पण शिबिरात बायका बोलायला लागल्या आणि पहिला विषय काढला तो नवऱ्याच्या दारूचा आणि मारहाणीचा. जथ्थेच्या जथ्थे गावोगाव फिरले आणि गुत्त्यांतली मडकी फोडली.

ज्या घरी मी बसलो होतो तिथे घरमालकाची थोरली बहीण आली होती. शहाद्याकडे मैदानात दिलेली. मडकी फोडणाऱ्यांत तीही होती, हे तिनंच सांगितलं, हसत हसत. मी विचारलं, "मग बाई, इथे कशी बसलात?" तिनं भावाकडे पाहिलं. म्हणाली, "भाऊ, तिकडे गुत्त्यात बाईची मजुरी जायची. हे लग्नापुरतं." मग जरा थांबून, "हापण तसाच होता. मारायचा. आता वय झालं." घरमालक चुलीकडे बघत राहिला. तिनं धार दिली, स्वतः घेतली नाही.

नर्मदेच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर जिल्ह्यात, आता हीच दारू सरकारच्या २०२२ च्या वारसा मद्य धोरणाखाली बचत गटानं तयार केली आणि बाटलीत भरली आहे. आपल्या राज्यानं २०२१ मध्ये मोहाची फुलं गोळा करणं, साठवणं आणि नेणं यांवरचे निर्बंध शिथिल केले. गाळणं तिथेच राहिलं. बाटलीवर वारशाचं लेबल लागेल तेव्हा पैसा चुलीपाशी बसलेल्या बाईपर्यंत पोचेल का, की १८७८ सारखाच मधे अडकेल, याकडे मी लक्ष ठेवून आहे. अनुभव फार उत्साहाचा नाही. उन्हाळ्यात हातात पैसा नसतो, म्हणून वाळलेली फुलं आठवडे बाजारात व्यापाऱ्याला पडेल भावानं जातात. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, तेव्हा तीच फुलं त्याच व्यापाऱ्याकडून चढ्या भावानं विकत आणावी लागतात. त्या घरच्या लग्नाला लागलेली निम्मी फुलं अशीच बाजारातून परत आणलेली होती.