नदी साफ करता येते, सोडलेला जीव परत आणता येत नाही

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी शेवंडच म्हणा. ब्रिटनच्या ओढ्यांत पांढऱ्या नांग्यांची देशी जात आहे. फार नाजूक. कीटकनाशक, सांडपाणी, गाळ, घटलेला ऑक्सिजन, काहीच सोसत नाही. त्यामुळे लोकांना वाटायचं, पाणी स्वच्छ ठेवलं की ती टिकेल.

पण १८६०च्या सुमारास इटलीत अमेरिकेतून आलेल्या बुरशीसारख्या रोगाने क्रेफिश मरू लागले. १९०७ मध्ये रोग स्वीडनला पोहोचला. तिथे क्रेफिशची मेजवानी म्हणजे आपली हुरडा पार्टीच! पंगत चालू राहावी म्हणून १९६०च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियातून ‘सिग्नल’ क्रेफिश आणले. हे त्या रोगाने सहसा मरत नाहीत, पण तो अंगावर घेऊन फिरतात.

१९७०च्या दशकात तेच ब्रिटनमध्ये आले. सरकारचंच प्रोत्साहन, शेतकऱ्यांना जोडधंदा म्हणून. तळ्यांतून निसटले, नद्यांत पसरले, बिळं खणून काठ ढासळवू लागले. १९८१ मध्ये तिथेही रोग सापडला. मग स्वच्छ ओढ्यांतलेही देशी क्रेफिश गेले. आता उरलेले वाचवायला जुन्या खाणींच्या तळ्यांत नेऊन ठेवावे लागतात.

आपल्याकडे तिलापिया १९५२ मध्ये असाच बाहेरून आणला. आज चिलापी कुठे नाही, ते मच्छीमारांना विचारा.

म्हणून गावच्या तळ्यात काही सोडायचा ठराव आला, तर आधी एकच प्रश्न विचारा: हे नको झालं तर बाहेर कसं काढणार?