व्यंकटेश माडगूळकर : जीवन, कथालेखन आणि ग्रामीण इतिहासाचे साधन

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी कथेला नवे वळण देणाऱ्या लेखकांत गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले आणि पु. भा. भावे यांच्याबरोबर व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) यांचे नाव घेतले जाते. इतरांच्या कथेचे केंद्र प्रामुख्याने नागर मध्यमवर्गीय जीवन होते. माडगूळकरांनी मात्र दुष्काळी माणदेश मराठी वाचकांसमोर आणला. त्यांची जडणघडण आणि कथालेखन यांचा ग्रामीण सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जडणघडण

माडगूळकरांचा जन्म आटपाडीजवळच्या माडगूळे या गावी झाला. हा परिसर त्या वेळी औंध संस्थानात होता. कवी ग. दि. माडगूळकर हे त्यांचे थोरले बंधू. १९४२ च्या आंदोलनात ओढले गेल्याने त्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले. भूमिगत जीवन, शिक्षकी, पत्रकारिता आणि मुंबईतील चित्रपटलेखन असा प्रवास करून १९५५ मध्ये ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रात दाखल झाले आणि ग्रामीण कार्यक्रमांची जबाबदारी त्यांनी दीर्घकाळ सांभाळली. ज्या समाजाविषयी ते लिहीत होते, त्याच समाजासाठी ते रोज बोलतही होते. त्यांच्या निवेदनातील अल्पाक्षरी, बोलीला जवळच्या गद्याचा विचार या दुहेरी व्यवसायाच्या संदर्भात व्हावयास हवा.

कथेतील गाव

‘माणदेशी माणसं’ हा संग्रह १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. रामोशी, मुलाणी, चांभार, महार अशा गावगाड्यातील माणसांची ही व्यक्तिचित्रे आहेत. ‘धर्मा रामोशी’ या कथेत निवेदकाकडून मागून नेलेले जुने धोतर शेवटी धर्माच्या मुलीच्या अंगावर दिसते. दारिद्र्याविषयी लेखक कोणतेही भाष्य करीत नाही. एका वस्त्राच्या प्रवासातून ते वाचकाला कळते. सरकारी कागदपत्रांत दुष्काळ पैसेवारी आणि तगाईच्या आकड्यांतून नोंदवला जातो; घरातील लज्जारक्षणाचा प्रश्न त्यात येत नाही. या कथांचे ऐतिहासिक मोल येथे आहे.

‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत औंध संस्थानातील धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर येतो. त्याच्या पुढाकाराने लोक श्रमदानातून तालीम बांधतात, राजेसाहेब तिच्या उद्‌घाटनाला येतात आणि पुढे दुष्काळाने सारी वाडी ओस पडते. मुळशी खोऱ्यात १९२१ पासून सत्याग्रह होऊनही धरणाच्या पाण्याखाली गावे गेली. माणदेशात पाण्याच्या अभावी वाडी उठली. कारणे परस्परविरुद्ध असली, तरी उठलेल्या गावाची स्मृती कोण जपणार, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे. मुळशीच्या वाट्याला सेनापती बापटांचा लढा आणि त्याच्या नोंदी आल्या. ज्या वस्तीचे विस्थापन लढ्याविना घडते, तिची स्मृती जपण्याचे काम साहित्यालाच करावे लागते.

मर्यादा आणि ‘वावटळ’

हे साधन निरपवाद नाही. कथांतील निवेदक बहुधा गावातील शिकलेला, उच्चवर्णीय तरुण आहे. तो सहानुभूतीने पाहतो. पण पाहणारा तो आणि पाहिले जाणारे इतर, ही रचना कायम राहते. पुढे दलित आत्मकथनांनी ही दृष्टी उलटवली.

मात्र या निवेदकाचे स्थान किती अस्थिर होते, हेही माडगूळकरांनीच दाखविले. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये अनेक गावांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. त्यांत माडगूळकरांचे घरही होते. त्यावरील ‘वावटळ’ ही कादंबरी १९६४ मध्ये आली. पुण्याहून गावी परतणाऱ्या तरुणांच्या नजरेतून तिच्यात हा प्रक्षोभ येतो. घर जळाल्यानंतरही लेखकाने गावाविषयी लिहिणे थांबविले नाही, ही बाब त्यांच्या साक्षीची विश्वासार्हता वाढविते.

समारोप

१९८३ मध्ये माडगूळकर अंबाजोगाईच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ‘सत्तांतर’ या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तथापि त्यांची लोकप्रियता प्रामुख्याने कथांवर उभी आहे. या कथा केवळ रंजक व्यक्तिचित्रे म्हणून वाचल्यास त्यांतील अन्न, वस्त्र, जात आणि स्थलांतर यांची नोंद नजरेआड होते. निवेदकाचे सामाजिक स्थान ध्यानात ठेवून दप्तरातील कागदांशी त्या ताडून पाहिल्यास विसाव्या शतकातील ग्रामीण महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाला त्या निश्चितच पूरक ठरतील.