अंग भरणे, अंग सुटणे

शरीराच्या वाढीविषयी मराठीत दोन वाक्प्रचार आहेत. आजारातून उठलेली किंवा नुकती वयात आलेली मुलगी 'अंगाने भरली' असे आपण म्हणतो. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील बाईचे मात्र 'अंग सुटते'. भरणे हे समृद्धीचे लक्षण, सुटणे हे ताबा गमावल्याचे. रजोनिवृत्तीच्या काळात स्त्रीला स्वतःच्या शरीराविषयी जे वाटते त्याचा इतिहास अशा क्रियापदांपासूनच सुरू करावा लागेल, असे आम्हाला वाटते.

रजोनिवृत्ती जुनीच आहे. तिच्याकडे पाहण्याची आजची रीत मात्र त्या मानाने नवी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रजोदर्शनाचे वय १२ आणि ते थांबण्याचे ५० असे सांगितले आहे. तेथे तो जरेने पक्व होणाऱ्या शरीराचा क्रम आहे. फ्रेंच वैद्य शार्ल द गार्दान यांनी १८२१ च्या ग्रंथात 'मेनोपॉज' ही संज्ञा वापरली, आणि त्याच ग्रंथाच्या शीर्षकात या वयाला स्त्रियांचे आणीबाणीचे वय ठरवले. पुढे १९४२ मध्ये गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन 'प्रेमारिन' या नावाने अमेरिकेत विक्रीस आले. उपाय बाजारात आला होता. त्याला साजेशा व्याधीचे वर्णन व्हायचे होते.

ते काम १९६६ साली न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांच्या 'फेमिनाइन फॉरेव्हर' या पुस्तकाने केले. रजोनिवृत्ती हा मधुमेहासारखा न्यूनतेचा विकार आहे आणि तो टाळता येतो, हे त्याचे प्रतिपादन. पुस्तक प्रचंड खपले. विल्सन यांच्या संस्थेला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे नंतर उघड झाले. १९७५ मध्ये केवळ इस्ट्रोजेन घेण्याचा संबंध गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी जोडला गेला. २००२ मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणीतील इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग धोके आढळल्यामुळे मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. नंतरच्या विश्लेषणांनी वय आणि रजोनिवृत्तीपासूनचा काळ पाहून हे धोके वेगळे तोलले, आणि आज अनेक स्त्रियांना या उपचाराचा खरा उपयोगही होतो. आमचा आक्षेप औषधावर नसून त्याच्याबरोबर आलेल्या रूपकावर आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे मानवशास्त्रज्ञ एमिली मार्टिन यांचे 'द वूमन इन द बॉडी' (१९८७) अवश्य पाहावे. वैद्यकाची पाठ्यपुस्तके त्यांनी आपण कादंबरी वाचतो तशी वाचली. तेथे स्त्रीशरीर म्हणजे जणू कारखाना, आणि रजोनिवृत्ती म्हणजे त्यातील नियंत्रणव्यवस्था कोलमडून उत्पादन बंद पडणे. त्याआधी, १९७२ मध्ये, सुझन सॉन्टॅग यांनी वार्धक्याच्या दुटप्पी निकषाविषयी लिहिले होते: पुरुषाला मुलगा आणि प्रौढ अशी सौंदर्याची दोन रूपे उपलब्ध असतात, स्त्रीला मात्र एकच, मुलीचे.

ही दोन निरीक्षणे एकत्र ठेवली की आहारनियमनाचा आग्रह कोठून येतो ते कळते. १९१८ साली लुलू हंट पीटर्स या अमेरिकी डॉक्टर बाईंनी आपल्या पुस्तकातून उष्मांक मोजण्याची सवय सामान्य वाचकाला लावली. ताटातील पोळी आकड्यात रूपांतरित झाली. पुढे बंद पडलेला कारखाना आणि मुलीच्या देहाचा निकष तिला येऊन मिळाले, आणि पन्नाशीच्या बाईने उपाशी राहून मुलगी व्हावे, हा व्यवहार नैतिक कर्तव्यासारखा भासू लागला.

शरीराचा हिशेब मात्र वेगळा आहे. इस्ट्रोजेन घटल्यावर चरबी मांड्यांपेक्षा पोटाभोवती अधिक साठते. एकूण वजनवाढीचा संबंध मोठ्या प्रमाणात वाढत्या वयाशी असतो. कडक उपासाने वजनाबरोबर स्नायू आणि हाडांची घनताही घटते, आणि हाडे वेगाने झिजण्याचा काळही नेमका हाच. म्हणून बळ वाढवणारा व्यायाम, पुरेसे अन्न व प्रथिने आणि शांत झोप यांचे मोल काट्यावरच्या आकड्याहून अधिक आहे.

अन्यत्र वेगळी भाषा आढळते. मार्गारेट लॉक यांनी जपान आणि उत्तर अमेरिकेची तुलना करून १९९३ मध्ये दाखवले की अंगातून उसळणाऱ्या गरम वाफांना जपानीत नेमका असा एक शब्दच नव्हता. तेथील स्त्रिया खांदे आखडल्याची तक्रार अधिक करत. मार्शा फ्लिंट यांनी १९७५ मध्ये राजस्थान व हिमाचल प्रदेशातील राजपूत स्त्रियांविषयी लिहिले, की पाळी गेल्यावर पडदा सुटे आणि तक्रारी अल्प असत. यावरून पूर्वेचे गोडवे गाणे चुकीचे ठरेल. पाळी जाण्याने ज्यांना मोकळीक मिळे, त्यांचा आधीचा बंदिवास आपण विसरता कामा नये. घाम, निद्रानाश, उदासी हे भोग खरेच असतात. त्यांना उपचार हवेत, उपदेश नकोत.

आमचे म्हणणे इतकेच, की यातनेवर उपचार करणे आणि आकारावर खटला भरणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. आपल्या शब्दात निवृत्ती आहे ती रजाची. बाईने अन्नातून, आरशासमोरून किंवा चारचौघांतून निवृत्त व्हावे, असे तो शब्द कोठेही सांगत नाही.